देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया: ग्रेड कशी पाहायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या घरी आजीची पत्र्याची ट्रंक उघडली. तिच्यात देव्हाऱ्यातल्या डबीतले काही राणीछाप रुपये निघाले, बहुतेक १९०१ चे. पंचम जॉर्जचे दोन-तीन, चारमिनारवाले एक-दोन आणि तांब्याची मूठभर जाड नाणीही आहेत. सराफ चांदीच्या भावाने घ्यायला तयार आहे. एका नाणेविक्रेत्याने राणीच्या एका रुपयाला ‘एक्सएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन) म्हटलं, दुसऱ्याने तोच रुपया उलटसुलट करून एक ग्रेड खालचा ‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन), ‘आणि तोही घासलेला’ म्हणून परत दिला. खरं कोणाचं धरायचं? आणि दाखवायला नेण्याआधी नाणी उजळून घ्यावीत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते उशिरा वाचलं तर उपयोग नाही. उजळू नका. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट नको, रांगोळी नको, भांडी घासायची पावडर नको, सराफाकडचं पॉलिशही नको. हे उत्तर वाचून होईपर्यंत नाणी आहेत तशी राहू द्या. काळी असतील तर काळी बरी.

आता दोन विक्रेत्यांचं. दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. नाण्याची कंडिशन पाहताना दोन वेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात आणि बाजारात त्या एकाच शब्दात कोंबल्या जातात. एक झीज: हातोहात फिरून नक्षीचे उंचवटे किती सपाट झाले. दुसरी पृष्ठभागाची अवस्था: टांकसाळीतून बाहेर पडताना धातूवर जी मूळ कांती होती ती शिल्लक आहे, की कुणी खरवडून काढली. पहिल्याने नक्षी पाहिली, तिच्यात केसांच्या बटा दिसल्या, तो ‘एक्सएफ’ म्हणाला. दुसऱ्याने उजेडात फिरवून पाहिलं, त्याला ओरखडे दिसले. तुमच्या वर्णनावरून मी दुसऱ्याच्या बाजूने झुकतो. कारण एकच, ती डबी देव्हाऱ्यातली होती.

सोलापूर आणि आसपासच्या घरांतून जे राणीछाप रुपये माझ्यासमोर येतात, त्यांतले बाजारात फिरून झिजलेले मला फारसे खटकत नाहीत. वाईट वाटतं ते पूजेतल्या नाण्यांचं. हा रुपया बाजारात फार फिरलेलाच नसतो. लग्नात मिळाला किंवा गिरणीच्या पगारातून बाजूला ठेवला, आणि थेट देवापाशी गेला. नक्षी त्यामुळे उत्तम. पण दर लक्ष्मीपूजनाला त्याला चिंच-मिठाची आंघोळ, वर राखेने घासणं, मग हळदकुंकू. अशा चाळीस-पन्नास दिवाळ्या झाल्या की उंचवटे तितके झिजत नाहीत, पण मोकळ्या जागेवरची कातडी पार जाते. अक्षरांच्या कोनाड्यांत कुंकवाचा लालसर थर आणि भोवती मेलेली पांढरी चांदी, असं नाणं दिसलं की ते कुठून आलं हे विचारावं लागत नाही. आजीची श्रद्धा तिच्या जागी ठीकच होती. तिने ते नाणं संग्राहकासाठी ठेवलंच नव्हतं.

तपासायचं कसं ते सांगतो. टेबलावर मऊ कापड पसरा, म्हणजे निसटलं तरी काठ ठेचणार नाही. खोलीतला मोठा दिवा बंद करा आणि एकच टेबललॅम्प ठेवा, साध्या पिवळ्या बल्बचा असेल तर उत्तम. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, त्यातही दुकानातल्या चारी बाजूंच्या एलईडीखाली, नाण्याचे दोष लपतात. नाणं कडेने दोन बोटांत धरा. अंगठा तोंडावर टेकवू नका, बोटाचा घाम चांदीवर ठसा सोडतो आणि तो काही महिन्यांनी काळा होऊन वर येतो. भिंग पाच ते सात पटींचं पुरे. दहापटीच्या भिंगातून पाहिलं की टांकसाळीतून काल निघालेलं नाणंही जखमी वाटतं, नवशिके त्यात घाबरतात.

आता नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू गोल फिरवा. मूळ कांती शाबूत असेल तर उजेडाचे पट्टे मध्यापासून कडेपर्यंत, चाकाच्या आऱ्यांसारखे, नाण्याबरोबर फिरतात. ठसा दाबताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, तिथे अतिसूक्ष्म रेषा उमटतात, त्यांच्यामुळे हा खेळ होतो. हीच ती लस्टर. ती एकदा गेली की कुठल्याही उपायाने परत येत नाही. पॉलिश केलेलं नाणं याहून जास्त चमकतं, पण ती चमक भांड्याची असते. फिरवलं तरी जागच्या जागी राहते, आरे फिरत नाहीत. एवढा एक फरक डोळ्यात बसला की निम्मं काम झालं.

तुमचा १९०१ चा रुपया घेऊ. एका बाजूला मुकुट घातलेली, डावीकडे तोंड केलेली राणी आणि ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ अशी अक्षरं. दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या किनारीत ‘वन रुपी इंडिया’ आणि साल. नाण्याचा सगळ्यात उंच भाग कुठला ते आधी शोधा, झीज तिथून सुरू होते. या रुपयावर ते म्हणजे राणीचा गाल, कानावरून जाणारे केस, मुकुटाचे मणी आणि छातीवरच्या पोशाखाचं भरतकाम. मी पहिल्यांदा पोशाख पाहतो. गालावर नक्षीच नाही, तिथे झीज आणि गुळगुळीतपणा यांत गल्लत होते. भरतकाम खोटं बोलत नाही.

पोशाखाची नक्षी पार जाऊन नुसता आकार उरला, केस म्हणजे एक गोळा, मुकुटाची फक्त बाह्यरेषा, पण साल आणि अक्षरं नीट वाचता येतात, ते नाणं ‘गुड’ किंवा फार तर ‘व्हेरी गुड’. नावाला भुलू नका, बोलीभाषेत आपण ज्याला गुळगुळीत म्हणतो तेच हे. भरतकाम साधारण निम्मं दिसतं, केसांच्या मुख्य बटा कळतात, तेव्हा ‘फाइन’. भरतकामाची सगळी रचना दिसते पण बारीक मणी एकमेकांत मिसळले आहेत, कानावरच्या केसांत सपाट पट्टा आहे, ही ‘व्हीएफ’. घरगुती पेट्यांतून निघणारे बरेच रुपये इथे बसतात. ‘एक्सएफ’ला मणी सुटे हवेत, केस मोजता यावेत, फक्त अगदी टोकं दबलेली चालतील, आणि अक्षरांच्या आडोशाला मूळ कांतीचे तुकडे हवेतच. ही शेवटची अट विक्रेते सोयीने विसरतात. ‘एयू’ (अबाउट अनसर्क्युलेटेड) म्हणजे कांती जवळपास सगळीकडे, फक्त गालावर आणि केसांवर घर्षणाचा करडा स्पर्श. आणि ‘युएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेलं) म्हणजे झीज शून्य.

शून्य म्हणजे शून्य, पण निर्दोष असा त्याचा अर्थ नाही. टांकसाळीतून रुपये पोत्यात भरून जात, एकमेकांवर आदळत. त्या ठेचा, बारीक खाचा युएनसी नाण्यावरही असतात आणि चालतात. उलट गालावर एकही ठेच नाही पण गाल करडा आणि मंद आहे, तर ते नाणं एयू. पोत्यातली ठेच आणि खिशातली झीज यांची गल्लत करू नका. ठेच ही एका जागची धारदार खूण असते, झीज सगळ्या उंचवट्यांवर सारखी पसरते.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे कमजोर ठसा. साचा जुना झाला किंवा दाब कमी पडला की नवंकोरं नाणंही मध्यभागी सपाट दिसतं. ओळखायचं असं: सपाट भाग उजेडात फिरवा. तिथेही कांतीचे आरे विनाखंड जात असतील तर ठसा कमजोर, नाणं नवं. तो भाग भोवतालपेक्षा करडा पडला असेल तर झीज. सपाट दिसलं म्हणून युएनसी नाणं व्हीएफच्या भावात देऊन बसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि घेणाऱ्याने तिथे तोंड उघडलं नाही हेही पाहिलं आहे.

ग्रेडपुढे जो आकडा लावतात, त्याचं मूळ माहीत असलेलं बरं. विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तिकडच्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० ही पट्टी काढली. कल्पना अशी होती की सर्वोत्तम नाणं सर्वात खराब नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. म्हणजे आकडा मुळात भावाचा होता, अवस्थेचा नंतर झाला. भावाचं गणित केव्हाच मोडलं, पट्टी राहिली. १९८६-८७ च्या सुमारास अमेरिकेत नाणी तपासून प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून ती जगभर गेली. साधारण २० ते ३५ म्हणजे व्हीएफ, ४० ते ४५ एक्सएफ, ५० ते ५८ एयू आणि ६० पासून पुढे युएनसी. घासलेल्या, खोडलेल्या, डाख (धातू वितळवून केलेला जोड) लावलेल्या नाण्याला या कंपन्या आकडा देत नाहीत. फक्त नक्षी ‘एक्सएफ’ची, पण ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. तुमच्या दोन विक्रेत्यांचं भांडण त्या एका ओळीत मिटतं.

घासलेलं नाणं ओळखायला भिंगातून मोकळ्या जागेवर पाहा, नक्षीवर नको. बारीक समांतर रेषा एकाच दिशेने गेल्या असतील आणि अक्षरापाशी येऊन थबकल्या असतील, अक्षराच्या मागून पुन्हा सुरू झाल्या असतील, तर ते कापडाचं किंवा बोटाचं घासणं. खिशातले ओरखडे वेडेवाकडे, वेगवेगळ्या खोलीचे असतात. रसायनात बुडवलेल्या नाण्यावर रेषा नसतात, पण ते सगळीकडून सारखंच पांढरं आणि निर्जीव दिसतं. शंभर वर्षांची चांदी खोबणीत आणि उंचवट्यावर सारख्याच रंगाची असेल तर संशय घ्यायचा.

आपल्या भागात दागिन्यातून आलेले रुपये पुष्कळ असतात. लमाण बायकांच्या माळांत, जुन्या कंबरपट्ट्यात राणीछाप रुपये कडी लावून ओवत. कडी काढून, कानशीने घासून नाणं विकायला येतं. म्हणून काठावर, बाराच्या जागी म्हणजे राणीच्या डोक्याच्या वर, आणि समोरासमोर सहाच्या जागी बोट फिरवून पाहा. कंगोरे सलग आहेत का? मध्येच चार दाते गुळगुळीत, किंवा तिथे चांदीचा रंग किंचित पिवळट, तर तो डाख. नक्षी कितीही छान असली तरी संग्राहकाच्या दृष्टीने भाव चांदीच्या आसपास येतो. मधोमध भोक पाडून बुजवलेलं असेल तर उजेडात त्या जागेचा गोल कडा दिसतोच.

काळेपणाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. चांदी हवेतल्या गंधकाशी संयोग पावते आणि वर सल्फाइडचा थर धरते. पातळ असताना सोनेरी, मग तांबूस-जांभळा, निळा, शेवटी काळा. कापडात किंवा कागदात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर हे रंग कडेकडून आत हळुवार उतरतात, आणि असा नैसर्गिक टोनिंगचा रुपया घासलेल्या पांढऱ्या रुपयापेक्षा जास्त किंमत आणतो. शिवाय खालची कांती त्या थराने जपलेली असते. कृत्रिम रंगही लोक चढवतात, पण तो डागांनी येतो आणि झिजलेल्या उंचवट्यांवरही तितकाच भडक असतो. धूळ, तेल, कुंकू फारच असेल तर एवढंच करा: डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, न चोळता बाहेर काढा, मऊ कापडावर उताणं ठेवून सुकू द्या. चिकट तेल असेल तर शुद्ध ॲसिटोन, खिडकी उघडी ठेवून, ज्योतीपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात.

ग्रेड लावण्याआधी नाणं अस्सल आहे ना, हे बघायला हवं. बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. झिजून तो सव्वाअकरापर्यंत येऊ शकतो. पण नक्षी कोरी आणि वजन साडेदहा असं झालं तर नाणं ठेवून द्या. वजन जुळलं तरी घनता तपासायला दहा मिनिटं लागतात. दोन दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा. रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि बाजूला टेकू देऊ नका. काटा १.१३ ग्रॅमच्या जवळ दाखवेल. तो पाण्याबाहेरच्या वजनाला भागायचा आकडा आहे: ११.६६ भागिले १.१३, म्हणजे साधारण १०.३, अशी या मिश्र चांदीची घनता. पितळ किंवा गिलेटचा नकली रुपया १.३ च्या वर जातो. १९४० पासून रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली, त्यामुळे षष्ठ जॉर्जच्या त्या रुपयांना १.२२ येतो, ते नकली समजू नका. १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. राणीचा रुपया चिकटला तर मात्र विषय संपला.

पूर्वीची माणसं रुपया फरशीवर आपटून ऐकत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. कान तयार असेल तर ही परीक्षा चांगली, पण आपटू नका. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी द्या, तेवढा आवाज पुरतो. आणि सराफाकडे गेलात तर आधीच सांगा, कसोटीवर घासायचं नाही, काठाला कानस लावायची नाही. त्याला चांदी तपासायची असते, त्याचं त्याला चूक वाटत नाही. तुमच्या नाण्याची मात्र एक ग्रेड तिथेच गळते. त्याच्या भावाचा हिशेब तुम्हीही करू शकता: एका पूर्ण वजनाच्या रुपयात १०.७ ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी. त्या दिवशीच्या दराने गुणा, ही तुमची खालची पायरी. त्याखाली कुठलाच राणीछाप रुपया जाता कामा नये.

त्या पायरीच्या किती वर जाल, हे सालावर आणि ग्रेडवर दोन्हींवर ठरतं. १९०१ चे रुपये कोटींच्या संख्येत पाडले गेले. त्यामुळे व्हीएफ असला तर चांदीपेक्षा थोडाच जास्त, आणि घासलेला असला तर तेवढाही नाही. पण खरोखर युएनसी असला तर उडी मोठी असते, कारण कोटींतले फार थोडे तसे राहिले. सामान्य सालांत ग्रेड हेच सगळं, दुर्मीळ सालांत खराब नाणंही विकलं जातं. पाठीमागे तळाशी भिंगातून पाहा, मुंबईच्या टांकसाळीचं बारीक ‘बी’ किंवा कलकत्त्याचं ‘सी’ सापडेल. राणीचे १८६२ साल असलेले रुपये निघाले तर त्यांवरचे ठिपके नीट मोजून ठेवा. मुंबईत पुढची बरीच वर्षं तेच साल ठेवून ठिपक्यांनी वर्ष दाखवत असत, आणि ठिपक्यांच्या फरकाने भाव बदलतो.

पंचम जॉर्जच्या रुपयावर झीज मुकुटाच्या पट्टीवर, भुवईवर, मिशीवर आणि छातीवरच्या साखळीवर पाहायची. त्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, नाणी परत घेऊन बहुतेक वितळवली, १९१२ पासून सोंड लांब केली. हत्ती नेमका उंच जागी असल्याने झिजलेल्या नाण्यावर हत्ती की डुक्कर काहीच कळत नाही, तिथे सालावर जा. साल १९११ असेल तर जपून ठेवा. षष्ठ जॉर्जचा १९३९ चा रुपया फार दुर्मीळ, आणि म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ करून विकतात. शेवटच्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग इतर तिघांसारखाच आहे का, ते तिरक्या उजेडात पाहा.

चारमिनारचे रुपये सोलापुरात निघणं स्वाभाविक आहे. तुळजापूर, नळदुर्ग १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात, म्हणजे हाकेच्या अंतरावर दुसरं चलन. तिकडचा तो हाली रुपया, इकडचा तो कलदार. हाली ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात सुमारे ८१.८ टक्के चांदी, म्हणून सहा कलदारांना साधारण सात हाली असा हिशेब चाले. चांदीचं वजन ताडून पाहिलंत तर हाच भाव निघतो. ग्रेडसाठी मिनारांची टोकं आणि कमानीवरची नक्षी पाहा. मधल्या कमानीच्या दारात एक उर्दू अक्षर असतं: मीम असेल तर निजाम महबूब अलीखानाचा, ऐन असेल तर त्याच्यानंतरचा निजाम उस्मान अलीखानाचा, म्हणजे १९११ नंतरचा. दारातलं अक्षर स्पष्ट, कड धारदार, तर नाणं चांगलं. याला घनतेचा आकडा राणीच्या रुपयाचा लावू नका.

तांब्याच्या नाण्यांबाबत मी आणखी कडक आहे. चांदी घासली तरी चांदीचा भाव उरतो, तांबं घासलं की काहीच उरत नाही. चिंचेने लख्ख गुलाबी केलेला पाव आणा कुणी फुकट दिला तरी संग्राहक अल्बममध्ये लावत नाही. तपकिरी, काळसर, गुळगुळीत हिरवट थर हा दागिना समजा. पण हिरवा रंग पिठासारखा, फिकट, नखाने उडणारा असेल तर तो रोग आहे, दमट हवेत पसरतो. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या डबीत ठेवा.

त्या मुठीत जाड, वेडीवाकडी, हाताने ठोकलेली नाणी असतील, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं दिसत असतील, तर ती शिवराई. तिला वर सांगितलेली राणीची पट्टी लागूच होत नाही. साचा मोठा, चकती लहान आणि ठोकणारा घाईत, त्यामुळे नवं असतानाही अर्धी अक्षरं चकतीबाहेरच गेलेली असतात. इथे विचारायचं ते असं: किती अक्षरं चकतीवर आली, ती मधोमध आहेत का, ठिपक्यांची किनार दिसते का, तांबं खोदलं-कोरलं तर नाही ना. झिजलेली पण ‘श्री राजा शिव’ पूर्ण असलेली शिवराई मी धारदार पण अर्ध्या अक्षरांच्या शिवराईपेक्षा वर ठेवीन. मधून दोन आडव्या रेषा असलेली दुदांडी ही नंतरची, पेशवाईतली आणि पुष्कळ मिळणारी.

मोगली रुपयांचंही तेच. औरंगजेबाचा मुक्काम दक्षिणेत होता, मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला तर त्याची छावणी वर्षानुवर्षं होती, आणि शोलापूर टांकसाळीचे त्याचे रुपये आहेत. अशा रुपयावर ‘शोलापूर’ हा शब्द पूर्ण आला असेल तर बाकीची झीज दुय्यम. त्यांवर सराफांनी मारलेल्या बारीक खुणा असतात, अर्धचंद्र, फुली, टिंब. त्या त्या काळच्या व्यवहाराच्या आहेत, एक-दोन असतील तर ग्रेड फारशी पडत नाही. तोंडभर असतील तर पडते.

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १६१६ किंवा १८१८ असं साल आणि वर रामदरबार, हनुमान किंवा लक्ष्मी असलेलं नाणं निघालं तर ते चलन नव्हतं. देवस्थानांबाहेर विकायला बनवलेला टोकन आहे. कुणी ते नाणं तांदूळ स्वतःकडे ओढून घेतं अशा गोष्टी सांगत लाखांची बोली लावली तर फोन ठेवून द्या. कुणी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुन्या नाण्यांसाठी आधी कर किंवा कमिशन मागितलं, तरीही तेच. बँकेने २०२१ मध्ये याबद्दल स्वतःच इशारा दिलेला आहे.

सीलबंद डबीत ग्रेड करून घ्यावी का? १९०१ च्या व्हीएफ रुपयाला नको, फी नाण्याला गिळेल. १९११, १९३९ असं काही किंवा खरोखर युएनसी वाटणारं असेल तर विचार करा, तोही भारतातच. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, मग हेतू ग्रेडिंगचा का असेना. घरच्या ट्रंकेतल्या नाण्यांना काही अडचण नाही. शेतात नांगराला लागलेली असती तर मात्र १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागलं असतं.

ठेवायचं कसं, ते दोन वाक्यांत. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत नको, सोलापूरच्या मे महिन्यात ते प्लास्टिक घाम सोडतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठ्याच्या चौकटी ज्यांत पारदर्शक कडक फिल्म असते त्या घ्या, स्टेपलच्या पिना सपाट दाबा, रबरबँड जवळही आणू नका.

आता विक्रेत्याकडे जाताना: प्रत्येक नाण्याचं वजन, साल, टांकसाळीचं अक्षर आणि तुम्ही स्वतः लावलेली ग्रेड एका वहीत लिहून न्या. घेणारा एक ग्रेड खाली सांगेल, विकणारा एक वर, हा धंद्याचा रिवाज आहे. म्हणून ‘कुठे झिजलंय ते बोटाने दाखवा’ असं विचारा. ज्याला दाखवता येतं त्याच्याशी पुढचं बोला. आणि १९०१ च्या त्या एका रुपयाचा दिव्याखाली फिरवतानाचा छोटा व्हिडिओ काढा, फोटो नको. मोकळ्या जागेवर आरे फिरताना दिसले तर पहिल्या विक्रेत्याकडे परत जा. रेषा दिसल्या तर दुसऱ्याने सांगितलेला भाव योग्य होता.